भिंतीवरचा जुना मेन स्विच

तीस वर्षं मी मावळातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना वीज आणि चुंबक शिकवलं. आता शिकवत नाही. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती, त्याआधीच सोडलं. कुणी कारण विचारलं की गुडघे सांगतो. गुडघे खरोखरच दुखतात, पण कारण ते नाही. खरं कारण इथे लिहायचं आहे आणि लिहिताना स्वतःला सवलत द्यायची नाही, असं ठरवून बसलो आहे.

स्वभावाने मी तापट. वर्गात खडू फेकून मारायचो आणि माझा नेम चांगला होता. नव्या बॅचला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचो, वीज म्हणजे काय? सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "लाईट!" मग माझी सटकायची. आमच्याकडे वीज कधी जात नाही, 'लाईट' जाते. मोटर बंद पडली तरी लाईट गेली, गिरणी थांबली तरी लाईट गेली. मी म्हणायचो, अरे, लाईट म्हणजे उजेड. वीज आंधळी असते. तिला एवढंच कळतं की जिथून निघालो तिथे परत जायचं. शाळेत गेलेलं पोर संध्याकाळी घरी आलंच पाहिजे, तशी ती परत जाणारच. वाट दिलीस तर वायरीतून जाईल, नाही दिलीस तर तुझ्यातून जाईल. एवढं सांगितलं की वर्ग जरा गप्प व्हायचा आणि मला शिकवता यायचं.

पुस्तकातली भाषा मुलांच्या डोक्यावरून जायची. त्यांतली निम्मी भातशेतीच्या घरातली, निम्मी कंपन्यांमधल्या कामगारांची. मी एक चार इंची खिळा घ्यायचो, त्याला तांब्याची तार गुंडाळायचो आणि टोकं सेलला लावायचो. खिळा टाचण्या उचलायचा. सेल काढला की टाचण्या पडायच्या, सगळ्या नाही, दोन-तीन चिकटून राहायच्या. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबक तयार होतं, आणि तारेजवळ चुंबक हललं की तारेत वीज तयार होते. ही दोन वाक्यं ज्याच्या डोक्यात शिरली त्याची अर्धी आयटीआय झाली, असं मी सांगायचो. मोटर, पंखा, मिक्सर, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर, सगळं त्या दोन वाक्यांतच आलं.

ट्रान्सफॉर्मरचा धडा माझा आवडता. एका लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी, एकमेकांना न शिवणारी. एकात वीज सोडली की दुसऱ्यात आपोआप येते, मधे फक्त चुंबक. जास्त वेढ्यांच्या बाजूने दिली तर पलीकडे दाब कमी होऊन निघते. मग मी दरवर्षी एक गंमत करायचो. घंटीचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडायचो, कमी वेढ्यांच्या बाजूला थोडासा दाब द्यायचो आणि पलीकडे दिवा पेटवून दाखवायचो. म्हणायचो, बघा, ह्याला उजवं-डावं कळत नाही. ह्या बाजूने द्या नाहीतर त्या बाजूने द्या, तो आपलं काम करणार. मुलं टाळ्या वाजवायची. परीक्षेत हा प्रश्न कधी येत नसे, तरी मी ते कधी चुकवलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं पुढे कुणाला म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मी घोटून घ्यायचो, ती म्हणजे एक हात खिशात. चालू वायरीजवळ काम करताना दुसरा हात खिशात ठेवायचा, नाहीतर पट्ट्यात अडकवायचा. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातातून बाहेर पडली तर वाटेत काळीज येतं. वर्कशॉपमध्ये कुणाचा दुसरा हात मोकळा दिसला की मी पट्टीने मारायचो. दोन महिन्यांत मुलांना अशी सवय लागायची की कॅन्टीनमध्ये चहासुद्धा ती एक हात खिशात घालून प्यायची. बाकीच्या ट्रेडची मुलं त्यांना 'लुळे' म्हणून चिडवायची.

अशाच एका बॅचमध्ये तो होता. वराळ्याचा, बौद्ध घरातला. वडील तळेगावजवळच्या कारखान्यात फिटरचे हेल्पर, घरी दीड एकर. पहिल्या बाकावर बसणारा नव्हता, पण वर्कशॉपमध्ये त्याचा जोड बघावा. तारेला तार अशी पिळायचा की टेप न लावताही सुटू नये. मी फार कुणाचं कौतुक करत नाही. त्याचं एकदा केलं, तर त्याने ते घरी सांगितलं आणि वडील पेढे घेऊन आयटीआयत आले. मी म्हटलं, अहो, जोड चांगला मारला म्हणालो, पोरगा कलेक्टर झाला असं नाही म्हणालो. ते म्हणाले, "सर, आमच्यासाटी तेच कलेक्टर." पुढे तो भरतीत लागला, वीजखात्यात लाईनमन झाला, आणि फिरत फिरत लोणावळ्याच्या भागात आला. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून उतरायचा. साहेबलोकांपुढेही मला वाकून नमस्कार करायचा. मला ते आवडायचं, नाही म्हणत नाही.

आता माझ्याकडे येतो. शनिवार-रविवार मी तुंगार्लीतल्या बंगल्यांची वायरिंगची कामं घ्यायचो. मास्तरने बाहेरची कामं घेऊ नयेत असा नियम आहे, आणि सगळे घेतात. तळ्याच्या वरच्या अंगाला एका गल्लीत तीनच बंगले होते. त्यांच्यापुरता एक छोटा ट्रान्सफॉर्मर. दोन बंगले वर्षातले अकरा महिने कुलपात, मेनसुद्धा बंद. तिसऱ्यात राखण करणाऱ्या एक मावशी आणि त्यांचे यजमान राहायचे, मागच्या खोलीत. मालक मुंबईचे, बंगला पाहुण्यांना भाड्याने द्यायचे. यजमानांची छाती गेलेली. त्यांना श्वासाचं मशीन लावलेलं होतं, विजेवर चालणारं. आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते.

मालकांनी जनरेटर आणून टाकला होता, पण तो घराला जोडलेला नव्हता. रीतसर जोडायचा तर चेंजओव्हर स्विच लागतो. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, एकतर खांबावरची वीज, नाहीतर जनरेटरची. दोन्ही एकदम शक्यच नाही. मालक म्हणाले, पुढच्या फेरीला आणतो. त्याच दिवशी आभाळ फाटलेलं, यजमान खाटेवर तोंड उघडून बसलेले, आणि मावशी मला म्हणाल्या, "मास्तर, आजची सोय करा. उद्याचं उद्या बघू."

मी तासाभरात वायर बनवून दिली. दोन्ही टोकांना पिन असलेली. एक पिन जनरेटरमध्ये घालायची, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. वीज सॉकेटमधून उलटी घरात शिरते आणि सगळं घर चालू होतं. आमच्या धंद्यात ह्या वायरीला मांडूळ म्हणतात, दोन्हीकडे तोंड असलेला साप. कुणी शहाणा माणूस ती बनवत नाही आणि लोणावळ्यात दर दहा बंगल्यांमागे एक सापडते. मेन स्विच बंद न करता ती लावली तर वीज घरातून बाहेर पडते, खांबावर चढते, ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या बाजूने शिरते. आणि ट्रान्सफॉर्मरला उजवं-डावं कळत नाही. घरातले दोनशे तीस व्होल्ट वरच्या तारेवर अकरा हजार होतात.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी मावशींना मेनजवळ उभं केलं. भिंतीवर जुना लोखंडी पेटीचा मेन होता, बाजूला दांडी. म्हटलं, आधी ही दांडी खाली पाडायची, मग पिन लावायची, मग जनरेटर. वीज आली की उलट क्रमाने. चुकलात तर खांबावरचा माणूस मरेल. त्यांनी माझ्यासमोर पाच वेळा करून दाखवलं. दांडी पाडली की तिला लाल फडका बांधायच्या, म्हणजे कुणी चुकून वर करू नये. माझ्या मुलांनीसुद्धा एवढ्या निगुतीने काही केलं नाही. वायर आठवड्यापुरती होती. ती वर्षानुवर्षं राहिली. मालकांची पुढची फेरी व्हायची, स्विच यायचा नाही, आणि मीही आठवण करून देणं सोडून दिलं.

तिसऱ्या वर्षी यजमान गेले. त्यानंतर वर्षभराने मालकांनी घर नव्याने रंगवलं, तेव्हा मीटर आणि मेन बाहेरच्या भिंतीवर घ्यायचं काम मलाच दिलं. मी नवी पेटी लावली, नवे ब्रेकर लावले आणि सगळी जोडणी तिकडून घेतली. जुना मेन काढणार होतो. मालक म्हणाले, राहू दे, भिंतीला भोक पडेल, शिवाय जुनं आहे, शोभा येते. राहू दिला. त्याच्या वायरी आतून कापून टाकल्या. दांडी वर करा, खाली करा, ती कशालाच जोडलेली नव्हती. मावशी तेव्हा गावाला गेल्या होत्या, यजमानांच्या वर्षश्राद्धाला. त्या आल्यावर त्यांना सांगायचं राहिलं. मशीन गेलं, आता कोण कशाला जनरेटर लावतंय, असं मनात आलं असेल. खरं सांगायचं तर मनात काहीच आलं नव्हतं. विसरलो.

पुढच्या पावसाळ्यात, आषाढातला मंगळवार होता. माझा चुंबकाचा तास चालू होता. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तोही लाईनवरच कामाला. म्हणाला, "सर, आपला वराळ्याचा. तुंगार्लीला पोलवर चिकटला. जिता हाय, पन हात गेला." मी विचारलं, तुंगार्लीत कुठे? त्याने गल्ली सांगितली. माझ्या हातात खिळा होता. तो मी टेबलावर ठेवला, तास सोडला आणि स्कूटर काढली. मुलांना वाटलं, सर किती हळवे आहेत. सोमाटण्याच्या फाट्यावर मला थांबावं लागलं, कारण हँडल धरवत नव्हतं. जखमी माणसाच्या काळजीने हात थरथरत होते असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. मला काळजी माझी वाटत होती.

झालं होतं ते असं. पहाटे फांदी पडून लाईन तुटायला आली होती. त्याने रीतसर परमिट घेतलं, म्हणजे उपकेंद्रातून लाईन बंद केल्याचा नंबर घेतला. चौकातला स्विच उघडला, म्हणजे बंद केला, आणि खांबावर चढला. चढताना तार मेलेलीच होती. नियम असा की चढल्यावर आधी अर्थिंगची साखळी टाकायची. तारा साखळीने जमिनीला जोडल्या की चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसाला सोडून जमिनीत जाते. साखळ्या त्या दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणी गेल्या होत्या. साहेब फोनवर घाई करत होते. त्याने साखळीशिवाय हात घातला. त्याच वेळी खाली, दीडशे पावलांवर, बंगल्यात आलेल्या पाहुण्यांना अंघोळीला गरम पाणी हवं होतं. मावशींनी जुन्या मेनची दांडी पाडली, फडका बांधला, पिन लावली आणि जनरेटर चालू केला.

मी पोहोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. खांबाखाली एक बूट आणि हेल्मेट पडलेलं. मी आधी बंगल्यात गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. "मास्तर, मी मेन पाडला हुता. देवाशपथ पाडला हुता. बघा, फडका तसाच हाय. माझ्यामुळं न्हाई ना झालं?" मी दांडीकडे बघितलं. म्हणालो, "नाही, मावशी. तुम्ही मेन पाडला होता ना, मग तुमचा काय संबंध?" एवढं खरं आणि एवढं खोटं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. मग सॉकेटमधली वायर ओढून काढली, गुंडाळली आणि हत्यारांच्या पिशवीत घातली. त्यांना म्हटलं, ही जुनी झाली आहे, मी नेतो. घरी येऊन तिचे वीतभर तुकडे केले आणि भंगारात टाकले. चौकशीची माणसं दोन दिवसांनी आली. त्यांना जनरेटर एकटा उभा दिसला, आणि दांडी पाडलेली, लाल फडका बांधलेला मेन दिसला. 'इथे तर फार काळजी घेतात,' असं एक जण म्हणाला म्हणे, आणि बाहेरची नवी पेटी कुणी उघडून बघितली नाही. वीज उलटी कुठून आली ते सापडलं नाही, असा शेरा पडला.

पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. उजवा हात कोपराखाली काढला होता. बायको उशाशी बसलेली, तिला मी लग्नात बघितलं होतं. मला बघून तो उठायला लागला. मी म्हटलं, पड रे, पड. तो म्हणाला, "सर, डावा हात पट्ट्यात अडकवला हुता. डाक्टर म्हनले, दोनी हात लावले असते तर जाग्यावर गेला असता. तुमी मारून मारून शिकवलं म्हनून वाचलो." बायकोने पदर सावरून माझ्या पायाला हात लावला. मी तिला थांबवलं नाही. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "साखळी टाकली न्हाई, सर. तुमी शिकवलेलं, मीच चुकलो." मी म्हणालो, होतं असं कधी कधी, विश्रांती घे. आणलेली फळं स्टुलावर ठेवली आणि बाहेर आलो.

घरी बायको म्हणाली, चेहरा काय झालाय तुमचा? म्हटलं, ॲसिडिटी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या महिन्यांत कळलं. फाटकापाशी गाडी थांबली की पोलीस वाटायचे. वर्गात ट्रान्सफॉर्मरचा धडा आला तेव्हा मी तो पुस्तकातून वाचून दाखवला. दिवा उलटा पेटवला नाही. एका मुलाने विचारलं, "सर, उल्टा करंट दिला तर काय व्हतं?" मी म्हटलं, खाली बस, परीक्षेत येत नाही. खडू फेकायला हात उचलला नाही, तेही बंद झालं होतं.

मग चौकशीच्या साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांना फक्त एक जबाब हवा होता. साखळी टाकल्याशिवाय लाईनला हात लावायचा नाही, हे ह्या माणसाला आयटीआयत शिकवलं होतं का? त्याक्षणी मला 'शिकवलं होतं, पण वीज माझ्या वायरीतून आली' असं म्हणता आलं असतं आणि त्यामागून बाकीचं सगळं बोलता आलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मास्तराला विचारलं, हे शिकवलंत का, तर त्याच्या तोंडून ऐटीतल्या 'हो'पुढे काही कसं निघेल? मी म्हणालो, "पहिल्याच महिन्यात शिकवतो. घोटून घेतो." त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, धन्यवाद सर, एवढंच हवं होतं. चहा मी पूर्ण प्यालो.

त्या एका ओळीवर त्याचा निकाल झाला. शिकवलेलं असूनही केलं नाही, म्हणजे निष्काळजीपणा त्याचा एकट्याचा. कामावरून काढण्याची नोटीस निघाली. अपिलाला महिनाभर मुदत होती. वीज दुसऱ्याच्या चुकीने आली एवढं जरी दाखवता आलं असतं तरी त्याला बसायचं काम मिळालं असतं, असं युनियनचा माणूस म्हणत होता. दाखवणार कोण? ते दाखवू शकेल असा जगात एकच माणूस होता आणि तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून विजेची मूलतत्त्वं शिकवायला जात होता. दिव्याखाली अंधार असतो असं मी लहानपणापासून ऐकत आलो. आपण स्वतः तो अंधार आहोत हे कळायला साठी जवळ यावी लागली.

मुदत संपायला नऊ दिवस उरले होते तेव्हा मी वराळ्याला गेलो. सद्गदित होऊन गेलो असं नाही. आदल्या दिवशी मावशी आयटीआयच्या फाटकाशी येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, मला जेवान जात न्हाई. त्या पोराच्या घरी जाऊन पाया पडू का? मेन पाडला हुता, तरी मला वाटतं माझ्याच हातनं झालं." आयुष्यात एकदाही न चुकलेली बाई माझी चूक डोक्यावर घेऊन फिरत होती. त्यांना मी तिथेच, फाटकाशी, खरं सांगितलं. त्या पदर तोंडाशी धरून स्टँडच्या दिशेने चालायला लागल्या.

दुपारची वेळ होती. वराळ्यात आता चहूबाजूंनी इमारती उठल्या आहेत, त्याचं घर त्यांच्या मधे दबल्यासारखं झालं आहे. बायको कंपनीत पाळीला गेलेली. तो एकटाच चटईवर बसला होता, भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढ्यात मुलीची दुरेघी वही. डाव्या हाताने अक्षरं गिरवत होता. अ, आ, इ. बसायचं काम मिळालं तर लिहिता यायला हवं म्हणून. पहिलीच्या मुलापेक्षा वाईट अक्षर होतं. त्याने वही झाकली आणि म्हणाला, "या, सर."

मी उभ्यानेच सांगून टाकलं. वायर, जुना मेन, नवी पेटी, भंगार, जबाब, सगळं. मग त्याने वही उघडून कोरं पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "काढून दाखवा, सर. नीट काढा. मला समजलं पायजे."

मी आकृती काढायला लागलो. चौकातला स्विच, खांब, ट्रान्सफॉर्मर, बंगला, जनरेटर. वीज कुठून निघाली, कुठे चढली, त्याच्या हातातून खांबावाटे परत कशी गेली, बाणांनी दाखवलं. तीस वर्षं आकृत्या काढल्या, पण इतकी वाकडी कधी आली नव्हती. तो वाकून बघत होता. एका ठिकाणी म्हणाला, "ह्यो पोल हितं न्हाई, वळनाच्या अलीकडं हाय." मी खोडून दुरुस्त केला.

"आन् ह्यो जुना मेन कुटं जोडलाय?"

"कुठेच नाही."

"मावशीनं पाडला तो ह्योच?"

"हो."

"मंजी तिला सांगितलेलं तिनं केलं." त्याने बोट जुन्या मेनवरून उचलून खांबावर ठेवलं. "मला सांगितलेलं मी न्हाई केलं. साखळी टाकली असती तर हात ऱ्हायला असता. ती माझी चूक हाय, ती मी सोडनार न्हाई. पन ही तुमची हाय."

"माझी आहे," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं.

"मग खाली लिहा. कुनी जोडलं, कवा जोडलं. हुद्दा लिहा. आन् सही करा."

मी लिहिलं. शिक्षक म्हणून मी हजारो कागदांवर सह्या केल्या असतील, एवढी सावकाश एकही केली नाही. त्याने कागद फाडला, गुडघ्याखाली दाबून एका हाताने घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी मदतीला हात पुढे केला होता, तो त्याने बघितला नाही.

त्या कागदावर त्याचं अपील टिकलं. आता तो एका उपकेंद्रात बसतो. लाईनवरच्या माणसांना परमिटचे नंबर देतो आणि साखळी टाकली का विचारल्याशिवाय फोन ठेवत नाही, असं ऐकतो. माझी चौकशी झाली, व्हायचं ते झालं, आणि ते कमी झालं असं मला वाटतं. मावशींनी बंगला सोडला. त्या कुठे असतात मला माहीत नाही.

त्या दुपारी मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. मी म्हटलं, तुझं काही अडत असेल, कुठे यावं लागलं तर सांग. तो माझ्याकडे बघत राहिला. पूर्वी गाडी थांबवून उतरायचा तेव्हा ज्या नजरेने बघायचा, ती नजर नव्हती. राग असता तर मी सोसला असता.

"सर," तो म्हणाला, "दवाखान्यातच सांगितलं असतं ना तुमी, तर मी सही मागितली नसती."

मग त्याने दार लावून घेतलं. डाव्या हाताने कडी घालायला त्याला बराच वेळ लागला. ती बसेपर्यंत मी बाहेर उभा होतो.